टेलचं रान

सिंधुने चारीत वाकून पाईप धरला आणि दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढला. केळीच्या बागेत पडणारी धार तुटली.

"काकू!" दयानंद बागेतून धावत आला. "घड धरलेत केळीनं. आजचा दिस राहू द्या."

"माझा हरभरा बी फुलात हाय." सिंधुने पाईप काठावर टाकला. "ह्या पाळीला पाणी आधी टेलला, मग वरच्यांना. पाणीवाटपाच्या बैठकीत तू बी हात वर केलता."

धरणाच्या कालव्यातून ही चारी निघते तिथेच दयानंदचं रान. चारीचं दुसरं टोक, ज्याला सगळे टेल म्हणत, ते सिंधुच्या गावात. तिथे पाणी पोचल्याचं गावातल्या नव्या सुनांनी कधी पाहिलं नव्हतं.

दयानंद खजील झाला नाही. "केलता हात वर. पण खरं सांगू का? टेलला पाणी जातच न्हाई. वाटंतच मुरतं. ना तुम्हाला, ना आम्हाला. मग वाया कशाला घालवायचं?"

"कुठं मुरतंय? चल, दाखव."

त्याने मोटारसायकल काढली. चारीच्या कडेकडेने दोघं निघाले. बरोबरीने धावणारं पाणी हळूहळू बारीक झालं, मग मागेच पडलं. कोरडी चारी सुरू झाली. सिंधुचं गाव आलं आणि दयानंदने ब्रेक दाबला.

चारीत बेशरमाची झुडपं माजली होती. त्यांच्यामागे कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग रचलेला होता, काठोकाठ.

"ही पऱ्हाटी कुणाची?" दयानंदने विचारलं.

वाटभर सिंधु मनात शब्द जुळवत आली होती. वरच्या गावाला काय काय सुनावायचं ते.

"माझी," ती म्हणाली. "पाणी येतंय कशाला, असं वाटलं."

ती गाडीवरून उतरली, पदर खोचला आणि चारीत उतरून पऱ्हाट्या काठावर फेकू लागली. काटक्यांनी हात ओरबाडले. दयानंद गाडीवरच बसून होता. गाडी वळवून जाता आलं असतं. थोड्या वेळाने त्याने स्टँड लावला आणि खाली उतरला.

"बेशरम हातानं निघायचं न्हाई. कुऱ्हाड पाहिजे."

आवाज ऐकून पलीकडच्या रानातली रईसा आली. "क्या गं सिंधु, सच्ची पानी आरा क्या?"

"येऊन राहिलं. कुऱ्हाड आण."

रईसा कुऱ्हाड घेऊन आली, तिच्यामागे आणखी चार माणसं. चारी मोकळी होते न होते तोच वळणावर पाणी दिसलं. गढूळ, फेसाळ, पुढे पाचोळा ढकलत येणारं. भेगाळलेल्या तळापाशी आलं आणि थांबलं. भेगांतून बुडबुडे निघू लागले.

"मुरलं," दयानंद म्हणाला. आपलं खरं ठरावं, असं आता त्यालाही वाटत नव्हतं.

"मुरू दे. लई वर्सांची तहान हाय ह्या भुईला. भागली की सोडंल पुढं," सिंधु म्हणाली.

सगळे काठावर उभे राहिले. पाणी जागच्या जागी फुगत राहिलं, आणि मग अलगद पुढे सरकलं.

दयानंदने खिशातून फोन काढून भावाला लावला. "मन्मथ, आपले बाकीचे पाईप काढ." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "काढ म्हणतो ना! पाणी टेलला पोचून राहिलं बे. डोळ्यानं बघून राहिलो."

पाणी सिंधुच्या रानाकडे वळवायच्या दाराशी आलं. लोखंडी दार गंजून गेलं होतं. पलीकडे हरभऱ्याने माना टाकल्या होत्या, खालची पानं पिवळी पडली होती. दयानंदने दाराच्या कडीला हात घातला. "उघडू का, काकू?"

सिंधुने हरभऱ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"थांब," ती म्हणाली. "सगळ्यात शेवटी रईसाचं रान हाय. टेल ती हाय, मी न्हाई."

दयानंदने कडीवरचा हात काढला. पाणी बंद दारासमोरून पुढे निघालं. त्याच्या आधी रईसा चारीतून लगबगीने चालली होती, वाकून वाकून काटक्या वेचत, त्याला वाट करून देत.