चुकवलेली तपासणी

घण मोठीच्या डोक्यापासून हातभर अंतरावर भिंतीत घुसला. गिलाव्याचा पोपडा तिच्या खांद्यावर पडला. ती जागची हलली नाही.

“येणार की नाही?” धाकटी ओरडली.

“एकदा नाही म्हटलं ना.”

दोघी बहिणी जुनी घरं पाडायची कामं घेत. मोठी विचार करून पाडायची, धाकटी समोर दिसेल ते. कामगारांनी तिचं नाव सुरुंग ठेवलं होतं आणि तिला ते आवडायचंही. आज मात्र तिने सगळ्यांना बाहेर पाठवलं होतं. घरातलं भांडण घरातच व्हावं, मग ते घर परक्याचं आणि अर्धं पाडलेलं का असेना.

भांडण दुपारच्या तपासणीवरून होतं. मोठीचा कॅन्सर बरा झाला होता. डावा स्तन गेला, केस गेले, केस परत आले. पण त्याच आजाराने आधी आई गेली होती, मग मावशी. म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हे घराण्यातच आहे, बरं वाटलं तरी उजव्या बाजूची तपासणी चुकवायची नाही. मोठीने ती दोनदा चुकवली होती. आजचीही चुकवायचं तिच्या मनात पक्कं होतं.

“आणि काही सापडलं तर?” मोठी म्हणाली. “पुन्हा ते सलाईन, पुन्हा त्या ओकाऱ्या? खातेय, पितेय, घण मारतेय. सुखाचा जीव दुःखात कशाला घालू?”

“आईपण हेच म्हणायची.”

“आईला मध्ये आणू नकोस.”

“आणणार! तिला तरी माहीत नव्हतं. तू सगळं बघून मरायला निघालीस!”

धाकटीने घण फेकला. स्वयंपाकाच्या ओट्याची फरशी फुटली आणि तुकडे दारापर्यंत उडाले. मग तिने मोठीची कॉलर धरली आणि फाडकन तिच्या तोंडात मारली. मोठीचा ओठ फुटला.

धाकटीने तिच्यावर हात उचलायची ही पहिलीच वेळ. लहानपणी धाकटीच्या वाटणीचा मारही मोठीनेच खाल्ला होता. तो सगळा आज व्याजासकट परत करावा असं मोठीला वाटलं. तिने मूठ वळली आणि धाकटीच्या नाकावर ठेवून दिली. धाकटी मागे कोलमडली, उठली, डोकं खाली घालून अंगावर धावून आली. दोघी विटांच्या ढिगावर आदळल्या. कोपर बरगडीत बसलं, गुडघा पोटात. धाकटीने मोठीचे नुकते वाढलेले केस मुठीत धरले, तेव्हा मोठीचं डोकंच फिरलं. हिला आता उचलून दाराबाहेर फेकायची, एवढंच तिला सुचलं. तिने केस सोडवून घेतले, मागून धाकटीच्या दोन्ही काखांत हात घातले आणि हिसका देऊन तिला वर ओढलं.

“थांब,” मोठी म्हणाली.

पाडकामात हा शब्द कोणी उगीच उच्चारत नाही. तो ऐकला की असेल तिथे हात थांबवायचा, कारण नंतर विचारायचं. रागाच्या भरातही धाकटीचे हात सवयीने थांबले.

मोठीची बोटं धाकटीच्या उजव्या काखेत होती. तिथे गाठ होती. घट्ट, न हलणारी. तशीच एक मोठीला तिच्या आजाराच्या सुरुवातीला आंघोळ करताना स्वतःच्या डाव्या काखेत हाताला लागली होती, त्यामुळे हे काय असू शकतं ते तिला कोणाला विचारावं लागलं नाही. दोघी तशाच खाली बसल्या.

“कधीपासून आहे?”

नाकातलं रक्त हनुवटीवर आलं होतं, ते धाकटीने बाहीने पुसलं.

“बोल, नाहीतर अजून एक देईन.”

“तू पहिल्यांदा तपासणी चुकवलीस ना, त्याच्या आधीपासून.”

मोठीने पुन्हा मूठ उगारली. मूठ हवेतच राहिली, कारण आता ती हुंदके देत होती.

“एवढे दिवस? मला मरायला निघालीस म्हणतेस, आणि तू काय करत होतीस? डॉक्टरकडे जायला तुला काय धाड भरली होती?”

“दोन्ही वेळा तुझ्या पाठचा नंबर लावला होता, ताई,” धाकटी म्हणाली. “तू आली नाहीस, आणि एकटीने आत जायचा मला धीर झाला नाही. आजचाही लावलाय.”