वीजबाणाचा शोध

लहानपणी घरात टीव्ही एकच, आणि तिचा पहाडवीर नि धाकट्या भावाचा वीजबाण ही दोन कार्टून नेमकी एकाच वेळी दोन चॅनलवर लागायची. रिमोटवरून झिंज्या उपटून झाल्या की दोघं पलंगावर त्या वीरांची गाठ घालून द्यायची. तो खेळही भांडणातच संपायचा.

आता ती डबिंग दिग्दर्शक झाली होती, आणि दोन्ही वीर पहिल्यांदाच एकत्र येणारा सिनेमा तिच्याच हाती आला होता. जुनेच आवाज हवेत म्हणून ती हटून बसली. पण त्या काळी आवाज देणाऱ्यांची नावं पडद्यावर येत नसत. पहाडवीराच्या भरदार आवाजाचे काका कसेबसे सापडले. वीजबाणाच्या त्या पात्यासारख्या धारदार आवाजापायी मात्र ती मेटाकुटीला आली. आज नाही मिळाला तर नवा माणूस घ्या, असं निर्मात्याने बजावलं होतं.

काका पहिल्यांदाच स्टुडिओत येऊन बसले होते, तेवढ्यात भावाचा फोन. तिने वैतागून स्पीकर लावला.

"काय गं ताई, तुझा बरा सापडला, माझाच कसा हरवला? मुद्दाम करतेस."

"गप रे. जीव नकोसा केलाय त्याने. आता तूच ये आणि किंचाळ माईकसमोर."

काकांनी कोमट पाण्याचा घोट घेतला आणि ते फोनपाशी वाकले.



"ताईला छळू नकोस, बाळा," खोलीत लख्ख वीजबाण बोलला, "तिचाही मीच होतो, अन् तुझाही मीच."