गंधपट्टी

“खांदे पाड,” दिग्दर्शक म्हणाला.

भिंगरीने पाडले. दोन सेकंदांत ते आपले परत वर!

“अगं, मालिकेत तू ओमेगा आहेस. नायकाची धाकटी बहीण. जरा बिचारी दिस की!”

“मी खरंच ओमेगा आहे. गेल्याच महिन्यात तपासणी झाली.”

दिग्दर्शक खो खो हसला. “बाळा, वीस वर्षं ओमेगा दाखवतोय मी. नुसतं बघून सांगतो. तू अल्फा वाटतेस.” मग तो मेकअपताईकडे वळला. “ताई, तुमच्या लेकीला दहा मिनिटांत ओमेगा करा. नाहीतर दुसरी मुलगी बोलावतो.”

आणि गेला.

मेकअपताईच्या आरशाला एक तक्ता चिकटवलेला होता. माणसं तीन प्रकारची : अल्फा दांडगा, बीटा मधला, ओमेगा दुबळा, असा सगळ्यांचा समज. एरवी कोण अल्फा, कोण बीटा, कोण ओमेगा हे वासावरून कळतं. पडद्याला कुठला वास? म्हणून हा तक्ता. अल्फा : जबडा गडद, भुवया जाड. बीटा : काही नको. ओमेगा : गाल फिके, पापण्या ओल्या, मान झुकलेली. शेजारच्या खुर्चीत नायक बसला होता. पक्का अल्फा, पण पावडरीने असा काही ओमेगा झालेला, की बघणाऱ्याने हात धरून रस्ता ओलांडून द्यावा.

आईने पफ फिरवला. भिंगरीचा एक गाल फिका पडला.

“आई, वर्गात सगळ्यांना सांगून बसलेय, मी टीव्हीवर येणार म्हणून. पण ही मी कुठे आहे?”

“दोनच वाक्यं आहेत. बोल आणि मोकळी हो.”

“तूही ओमेगाच ना? परवा भरलेला सिलिंडर एकटीने आत आणलास. तेव्हा कुठे झुकली होती तुझी मान?”

“हळू बोल गं बाई!”

आईने दाराकडे पाहिलं. सेटवर प्रत्येकाने मानेला गंधपट्टी लावायची, असा नियम होता. कुणाचा वास कुणाला येऊ नये आणि कामात खोळंबा होऊ नये म्हणून. त्या पट्टीमागे ताई बारा वर्षं बीटा समजली गेली होती. कुणी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

पफ दुसऱ्या गालाशी थांबला. आईने तो खाली ठेवला, हात मानेमागे नेला आणि टर्रकन पट्टी उपटली.

नुकतंच संत्रं सोलावं तसा ओमेगाचा वास खोलीभर झाला.

दिग्दर्शक धावतच आत आला. नाकपुड्या फुललेल्या. आईच्या अंगावरून, भिंगरीच्या अंगावरून तो थेट नायकापाशी गेला.

“वा रे वा! याला म्हणतात भूमिकेत शिरणं! वास सुटलाय, वास!”

“सर, मी अल्फा आहे.”

“अरे, तेच तर म्हणतोय मी!”

आई आणि भिंगरीने आरशातून एकमेकींकडे पाहिलं. भिंगरीने ओठ घट्ट दाबून हसू आवरलं. आईने कापूस ओला केला आणि लेकीचा फिका गाल शांतपणे पुसून काढला.

“ताई, झाली का ओमेगा तयार?” मागे न वळताच दिग्दर्शकाने विचारलं.

“झाली.”

हातातली पट्टी आईने तक्त्यावर चिकटवून टाकली. भिंगरी उठली आणि दिव्यांच्या दिशेने चालू लागली. खांदे होते तिथेच होते.