उंबऱ्यावरची पायताणं

"ती ओळ तेवढी गाळा, फादर. पाया पडते," नूता म्हणाली.

"गाळून कसं चालेल? तीन-तीन ओळींचं बांधलंय त्यानं. एक गेली की दोन बोंब मारतील," बिशप ग्वाल्तिएरो म्हणाला.

नूताची पावाची भट्टी होती. तिचा एकुलता एक लापो दोन महिने किल्ल्याच्या कोठडीत होता. त्याने गावच्या बोलीत नरकाचं काव्य रचलं, बाजाराने ते तोंडपाठ केलं आणि कुणीतरी चुगली केली. न्यायाधीश तिघेही फ्रान्सचे. त्यांना इथली बोली ओ की ठो कळत नव्हती, म्हणून ते काव्य लॅटिनमध्ये उतरवायचं काम बिशपवर आलं. लापोला कुणी भेटायचं नाही, असा हुकूम होता.

जीवावर बेतणारी ओळ एकच होती. नरकाच्या उंबऱ्यावर पोपची जरीची पायताणं काढून ठेवलेली दिसतात.

बिशप अनवाणी येरझारा घालत राहिला. फ्रान्सिस्कन साधू तो, त्याला स्वतःला पायताण माहीत नव्हतं. लापोला लॅटिन त्यानेच शिकवलं होतं. शब्द इकडचा तिकडे झाला की बोटांवर छडी बसायची. "दुसऱ्याच्या ओळीत आपला शब्द घुसवलास? चोर आहेस!" असा ओरडायचा.

शेवटी त्याने लेखणी उचलली आणि पोपच्या जागी व्यापारी लिहिला. आयुष्यातली ती पहिली चोरी. त्याला रडू कोसळलं.

"रविवारी पोरगा तुझ्या हातचा पाव खाईल, बघ."

"तुमच्या तोंडात साखर पडो, फादर."

सुनावणीत न्यायाधीशांनी पानं वाचली. व्यापाऱ्याच्या पायताणांवर एक जण चक्क हसला. नूताने बिशपची बाही घट्ट धरली.

रिवाजाप्रमाणे पानं आरोपीपुढे आली. हे माझंच काव्य, अशी सही केली की तो सुटणार होता. लापो वाळून काटकी झाला होता, पण ते ओळखीचं अक्षर पाहून त्याचा चेहरा खुलला. बोट ठेवून त्याने शब्द न् शब्द वाचला. एका ठिकाणी थांबला. मग बिशपकडे पाहून मायेने हसला.

"फादरना बोल लावू नका, महाराज," तो न्यायाधीशांना स्वच्छ लॅटिनमध्ये म्हणाला. "वय झालं, नजर अधू झाली त्यांची. एकच शब्द चुकलाय."

आणि व्यापाऱ्यावर काट मारायला त्याने लेखणी मागितली.