घुबडासाठी मॉनिटर

"गेमसाठी हवाय की रोजच्या वापरासाठी?" दुकानातल्या मुलीने पुन्हा विचारलं.

कवळीवाला दोन मॉनिटरांच्या मधोमध उभा होता. डावीकडच्यावर गाड्या सुसाट पळत होत्या, उजवीकडच्यावर नुसतं एक पत्र उघडून ठेवलं होतं. दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवण्यात त्याचा जन्म गेला होता, म्हणून ओळखीतले सगळे त्याला कवळीवालाच म्हणत. जगाच्या तोंडाची मापं घेतली आणि स्वतःच्या तोंडाला आवर घालता आला नाही, असं तो हल्ली स्वतःलाच ऐकवायचा.

"दोन्हींसाठी," तो म्हणाला. "मुलाला द्यायचाय."

"मग त्यालाच आणायचं ना, काका. त्याची निवड त्याला करू दे."

"तो बाहेर असतो."

बाहेर म्हणजे कुठे, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्याने मुलगा खेळत असताना कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली होती आणि तोंडाला येईल ते बोलला होता. मुलगा कॉम्प्युटर तसाच टाकून निघून गेला, फोनचा नंबरही बदलला. त्या खोलीत कवळीवाल्याने पुन्हा पाऊल टाकलं नाही. बायको तिथे बसून दवाखान्याची पत्रं टाईप करायची आणि लाल डोळ्यांनी बाहेर यायची. ती रडते हे न कळायला तो काही दगड नव्हता. पण विचारणार कुठल्या तोंडाने?

मुलाचं खेळातलं नाव तेवढं त्याच्या लक्षात होतं. घुबड. गेल्या हिवाळ्यात एकदा प्रयोगशाळेतले सगळे घरी गेल्यावर त्याने तिथल्या कॉम्प्युटरवर तो खेळ उतरवून घेतला, एक खोटं नाव लावलं आणि घुबडाला शोधून काढलं. नावापुढे हिरवा ठिपका होता. म्हणजे पोरगं जिवंत होतं, कुठेतरी खुर्चीत बसलं होतं. मेणाच्या दातांसमोर बसून तो ढसाढसा रडला.

तेव्हापासून संध्याकाळी दोघं एकाच गटात खेळत. घरी त्याने ओव्हरटाईमची थाप मारून ठेवली होती. त्याला खेळता यायचं नाही, आणि घुबडही फारसं जिंकायचं नाही. नवख्याला सांभाळून घेत असेल, असं बापाला वाटायचं. आवाज कधी नाही, नुसतं टाईप केलेलं, तेही तुटक, दोन-चार शब्दांचं. मुलगा लहानपणापासून मितभाषीच. "जेवण झालं का?" एवढं मात्र न चुकता विचारायचा. हे वळण आईचं.

आपण कोण हे सांगायची कवळीवाल्याची छाती नव्हती. सांगितलं की ठिपका विझणार.

आणि गेल्या आठवड्यात घुबडाने लिहिलं, स्क्रीन लुकलुकतो. डोळ्यांना धारा लागतात. खेळ बंद करावा लागेल.

कवळीवाल्याने घाईघाईने लिहिलं, माझ्या ओळखीचं दुकान आहे, एक मॉनिटर पाठवतो, पत्ता दे. मग काल उत्तर आलं, "दिवसा अक्षरं, संध्याकाळी खेळ. पत्ता उद्या."

पत्ता! तो मिळाला की खोकं स्वतःच्या खांद्यावर घेऊन त्या दारात उभं राहायचं. पोराने दार तोंडावर आपटलं तरी चालेल. नाही मिळाला, तर मग काही उरतच नव्हतं.

"हा पळणारा," मुलगी सांगत होती. "चित्र फाटत नाही, पण अक्षरं जरा भरड. दुसरा डोळ्यांना सुखाचा, पण पळापळीत मागे पडतो."

"पळतोही आणि डोळेही सांभाळतो, असा नाही का?"

"आहे. पण वरच्या फळीवर, आणि किंमतही वरचीच."

"काढा."

तिने तो लावला. कवळीवाल्याने वाकून त्यातला पांढरा रंग न्याहाळला. पांढऱ्या रंगात त्याला कुणी फसवू शकत नव्हतं. हा मऊ होता, दुधाच्या दातासारखा. मग गाड्या पळवून बघितल्या, पत्र वाचून बघितलं. पोराच्या डोळ्यांना आता पाणी येणार नव्हतं.

इतक्यात बायकोचा फोन आला.

"अहो, ऐका ना. येताना बेलचं बटण आणा. किती दिवस सांगतेय. माणूस कडी वाजवून वाजवून परत जायचा."

"आपल्याकडे कोण येतंय?"

"येईल कोणीतरी. आणि सावकाश या. घाई नाही."

तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी जीव होता. कशाने, ते त्याला कळेना. आज खरी खूश करतो तुला, तो मनात म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

मुलीने मॉनिटर थर्मोकोलमध्ये बसवून खोकं बंद केलं. "पत्ता सांगा, वर लिहून ठेवते."

"येतोय," तो म्हणाला. फोनवरच्या खेळाच्या ॲपमधून त्याने घुबडाला पुन्हा निरोप टाकला. मुलीने चिकटपट्टी मारली, टेबल पुसलं, दुसरं गिऱ्हाईक केलं. तो खोक्यावर हात ठेवून उभाच. नाहीच देणार. का देईल? परक्या माणसाला कोण पत्ता देतं, आणि बाप म्हणून मागायचं तर तो हक्क त्याने कधीच घालवला होता.

फोन थरथरला. घुबड.

"घ्या, लिहून घ्या!" तो जवळजवळ ओरडलाच आणि मोठ्याने वाचू लागला. "पाण्याच्या टाकीमागची इमारत. दुसरा मजला."

मुलीने लिहिलं.

"जिन्याच्या डाव्या हाताचं दार. बेल बंद आहे, कडी वाजव."

त्याचा हात खिशातल्या घराच्या किल्लीवर गेला.

"पुढे, काका?"

पुढचं आज पहिल्यांदाच तुटक नव्हतं.

"मॉनिटर राहू दे रे. तूच ये. मी तुला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. बाबांना मी समजावते."