देव्हाऱ्यातली पुतळी

अनंता सोनारानं पुतळी रिठ्याच्या पाण्यात टाकली आन् ब्रशनं घासायला घेतली.

लालासाहेब बाकड्यावरनं बघत व्हता. बायको अंजना जाऊन पंधरवडा झालेला. तिच्या देव्हाऱ्यातलं हे रुपयाएवढं सोन्याचं नाणं. वर दोन माणसं कोरलेली, एक उभं, एक गुडघ्यावर, मधी काठी. अंजना रोज आंघोळ करून गुडघ्यावरच्या माणसाला कुंकू लावायची. थर बसून बसून ते दिसंनासंच झालेलं. आता शेजारी बसलेल्या सुनेला, राजेश्वरीला, त्यातनं पोरीच्या कानातलं करायचं व्हतं. लालासाहेब व्हय म्हणला. हल्ली सगळ्यालाच व्हय म्हणायचा. मघाशी च्यालाबी व्हयच म्हणला, आन् कप तसाच गार पडलेला.

"वैनी, हे कोण म्हायतीय का?" सोनारानं इचारलं.

"राम-सीता. आत्याबाई सांगायच्या."

"कसली सीता! दोघं गडीच हायती. उभा हाय त्यो साधू, गुडघं टेकलाय त्यो तिकडचा राजा. समुद्रापल्याड व्हेनिस म्हणून गाव हाय, मूळ नाणं तिथलं. सात-आठशे वर्षांमागं जहाजातनं यायला लागली, आपली मिरी न्यायला. बायकांनी गळ्यात घातली. मग आमच्याच लोकांनी बघून बघून ठसा पाडला. वरची अक्षरं कुणाला वाचता येत्यात? साधूचा केला राम, राजाला नेसवलं लुगडं."

"अगं बाई! म्हंजी आत्याबाई जलमभर परक्या राजाला कुंकू लावत बसल्या?" राजेश्वरीनं हसू पदराआड दाबलं.

लालासाहेब हसला न्हाई.

"राम-सीता तुला सांगायची," तो म्हणला. "मी मिल्ट्रीत व्हतो तवा लावायला लागली. मला म्हणायची, हे उभं ते तुमी. ही मी."

सोनारानं परत ब्रश चालवला. वाटीतलं पाणी लाल झालं. पुतळी पिवळीधमक निघाली. साधूचं नाक-डोळं जिथल्या तिथं. गुडघ्यावरच्याचं तोंड बोटानं झिजून पार सपाट.

"पाणी वतू नगं, अनंता."

"वतत न्हाईच, आबा. सोन्याची कणी उतरती. साठवून गाळतो आमी."

"सोन्याचं न्हाई म्हणत मी."

लालासाहेबानं वाटीत बोट घातलं. तळाला बसलेला लाल चिखल उचलला आन् मूठ मिटली.

पलूसच्या एसटीत कंडक्टर तिकिटाला आला. लालासाहेबानं डाव्या हातानं पैसं पुढं केलं.

"उजव्या हातानं द्या की, आजोबा. लक्ष्मी हाय ती."

त्यानं मूठ उघडली न्हाई.