पाचव्या केमोची मंजुरी

धर्माबादचा हनीफ टेलर सोमवारी लिम्फोमानं गेला. पण हे घडलंच नाही असं धरून चालू, कारण गुरुवारी नांदेडच्या दवाखान्यातून सरकारी आरोग्य योजनेच्या बाबूचा फोन आला.

"अभिनंदन भाभी! हनीफभाईंच्या पाचव्या केमोला मंजुरी आली. बेडवरचा फोटो लागतो, घेऊन या त्यांना."

"ते तर दफन झाले, साहेब. मी इद्दतीत बसलेय, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडता येत नाही," त्याची बायको वहिदा म्हणाली.

"आमच्या स्क्रीनवर तसं दिसून नाही राहिलं. काही अडचण असंल तर अर्ज द्या."

वहिदानं अर्ज लिहिला.



"माझ्या शौहरना फोटोसाठी कब्रस्तानातून येण्याची परवानगी मिळावी. फोटो निघाल्यावर त्यांना परत पाठवू नये, ही नम्र विनंती."